वैरणीचा भाव शेकड्यावर नको, काट्यावर हवा



उसाचा विषय निघाला म्हणजे आपण मंडळी किती चोखंदळ होतो हे निराळे सांगावयास नको. गाडी काट्यावर चढली की आपली नजर आकड्यावर खिळते. वजनात संशय आला तर बाहेरच्या काट्यावर खात्री करून घेण्याची आपली तयारी असते. साखरेचा उतारा जरा खाली घसरला की सर्वसाधारण सभेत दोन दोन तास त्यावर चर्चा होते. ते योग्यच आहे, कारण सन २०२५-२६ च्या हंगामाचा टनाला ३,५५० रुपये हा एफ.आर.पी.चा दर १०.२५ टक्के उताऱ्याला धरलेला आहे. त्यापुढचा प्रत्येक दशांश आपल्या खिशाशी जोडलेला आहे.

पण हेच आपण सभासद उन्हाळ्याच्या तोंडावर जनावरांसाठी कडबा घ्यावयास निघालो म्हणजे सगळी चोखंदळ वृत्ती घरी ठेवून निघतो. "शेकडा काय भाव?" एवढा एकच प्रश्न. व्यापारी म्हणतो, "पुण्यात इतका चाललाय, तुम्हांला दोनशेनं कमी लावतो." झाला सौदा! पेंढी किती किलोची, ती वाळलेली आहे की दमट, पाला शिल्लक आहे की नुसती धांडे उरली आहेत, ट्रकभाडे धरून गोठ्यात किलोला काय पडली, यांतले काही विचारले जात नाही. उसाच्या एकेका किलोसाठी भांडणारा माणूस वैरण मात्र नजरेच्या अंदाजावर घेतो. दुधाचा धंदा परवडत नाही या तक्रारीचे एक मूळ या सवयीत आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम या "पुण्याच्या भावा"चे पाहू. आपले कार्यक्षेत्र पुणे शहराच्या उंबरठ्यावर असल्याने हा भाव आपल्या कानावर सर्वांत आधी येतो. एकेकाळी शहराच्या कडेची गायराने, माळ आणि मुठा कालव्याच्या पाण्यावरचा घास-कडवळ यांवर पुण्यातील गोठ्यांची बरीच गरज भागत असे. आता ते माळ राहिले नाहीत. सन २०१७ मध्ये ११ गावे आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे महापालिकेच्या हद्दीत गेली. जेथे कडवळ उभे असे तेथे आता इमारती उभ्या आहेत. शहरात आणि शहरालगत जे गोठे टिकून आहेत त्यांना काडी न् काडी विकत घ्यावी लागते. पण त्यांचे दूध थेट गिऱ्हाइकाच्या दारात, किरकोळ भावाने जाते. म्हणून कडब्याला चार पैसे जास्त मोजणे त्यांना परवडते. शिवाय पुण्यात घोडी आहेत. रेसकोर्सवर पावसाळ्यात शर्यतींचा हंगाम असतो, आणि शर्यतीच्या घोड्याला वाळका घास घालणारा मालक आपल्यासारखी किलोला रुपयाची घासाघीस करीत बसत नाही. (आपल्या गाईने शर्यत जिंकल्याचे अद्याप ऐकिवात नाही, तेव्हा त्या भावाशी आपण स्पर्धा करू नये हे बरे.)

सांगावयाचे हे की शहराचा भाव हा शहरातील गिऱ्हाइकाच्या ऐपतीचा भाव असतो. डेअरीला घाऊक दराने दूध घालणाऱ्या सभासदाने तो भाव मापदंड म्हणून धरणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा अंगात घालणे होय.

आता वैरण येते कुठून, हेही पाहिले पाहिजे. उत्तम कडबा सोलापूरकडचा. मंगळवेढा, बार्शी, माढा, करमाळा या पट्ट्यातील शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, काळ्या जमिनीच्या ओलीवर येते आणि कोरड्या हवेत वाळते. त्यामुळे तिचा कडबा पांढरा आणि गोड राहतो. मालदांडी ३५-१ हे वाण मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेले आहे आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. धान्याइतकीच त्या ज्वारीच्या कडब्याला किंमत आहे. कित्येक वर्षी तर शेतकरी ज्वारी कडब्यासाठीच पेरतो, धान्य वरकड समजतो. अहिल्यानगरच्या जामखेड, कर्जत, श्रीगोंदा या भागांतूनही चांगला माल येतो. मराठवाड्यातील खरिपाच्या संकरित ज्वारीचा कडबा स्वस्त दिसतो, पण काढणीच्या वेळी पाऊस गाठला तर तो काळा पडतो आणि जनावर त्याला तोंड लावीत नाही. पश्चिमेला मावळ, मुळशी, भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) या तालुक्यांतील भाताचा पेंढा आपल्याला अंतराने जवळ आहे, दरानेही हलका आहे. पण पेंढ्यात प्रथिने फार थोडी, शंभरात तीन-चार भाग. त्यावर जनावर जगते, दूध मात्र देत नाही.

रब्बी ज्वारीचे क्षेत्रही पूर्वीसारखे राहिलेले नाही. ज्वारी हाताने उपटायची, पेंढ्या बांधायच्या, बुचाडे लावायची, या कामाला माणूस मिळत नाही. मिळाला तर त्याची मजुरी शेतकऱ्याला झेपत नाही. कोठे कोठे यंत्राने मळणी होते आणि निम्मे धाट रानातच राहते. जेथे पाणी आले तेथे ऊस आला, हे तर आपण सर्वांनी मिळूनच केले आहे! तेव्हा कडबा पुन्हा जुन्या भावाला येईल या आशेवर कोणी राहू नये.

इतक्या प्रांतांतून इतक्या तऱ्हेची वैरण येत असता "शेकडा" हे माप कसे पुरे पडणार? मंगळवेढ्याची पेंढी आणि दुसरीकडची पेंढी यांत पाव-अर्धा किलोचा नव्हे, कधी कधी जवळजवळ दुपटीचा फरक असतो. हिशोब समजावा म्हणून आम्ही येथे काही आकडे धरतो. ते आजचे बाजारभाव समजू नयेत, आपापल्या गावचा भाव त्यांच्या जागी घालावा.

समजा एक व्यापारी ३,००० रुपये शेकडा सांगतो आणि त्याची पेंढी दोन किलोची आहे. शंभर पेंढ्यांचे २०० किलो झाले, म्हणजे किलोला १५ रुपये. दुसरा २,२०० रुपये शेकडा सांगतो. आठशे रुपयांचा फरक पाहून आपण त्याच्याकडे वळतो. पण त्याची पेंढी सव्वा किलोची. शंभर पेंढ्यांचे १२५ किलो, म्हणजे किलोला १७ रुपये ६० पैसे. स्वस्त म्हणून घेतलेली वैरण किलोमागे अडीच रुपयांनी महाग पडली.

त्यावर भाडे. कडबा हा वजनाने नव्हे तर आकाराने गाडी भरतो. दहा टनांच्या गाडीत दहा टन कडबा मावत नाही. भाडे मात्र गाडीचे द्यावे लागते. समजा ६,००० रुपये भाड्याच्या गाडीत दोन टन माल आला, तर किलोला ३ रुपये भाडे चढले. आपल्या ऊसबिलातून तोडणी-वाहतूक वजा होते तेव्हा हातात काय राहिले हे आपण पाहतोच ना? तसेच येथेही भाडे मिळवून गोठ्यातला भाव काढला पाहिजे. पहिल्या व्यापाऱ्याचा माल १८ रुपयांना पडला, दुसऱ्याचा २० रुपये ६० पैशांना.

आणखी एक पायरी राहिली. उसाला जसा साखरेचा उतारा, तसा चाऱ्यालाही उतारा असतो. चाऱ्यातले पाणी वजा जाता उरते ते कोरडे सत्त्व, म्हणजे शुष्क पदार्थ. जनावराचे पोट त्यावर भरते. चांगल्या वाळलेल्या कडब्यात तो शंभरास नव्वद असतो. हिरव्या मक्यात वीस-पंचवीस, मक्याच्या मूरघासात साधारण एक तृतीयांश, उसाच्या वाढ्यात पंचवीस ते तीस. तेव्हा १८ रुपयांचा कडबा हा कोरड्या किलोला २० रुपये झाला. हिरवा मका ४ रुपये किलोने घेतला आणि त्यात शुष्क पदार्थ वीस टक्के निघाला तर तोही २० रुपयेच झाला! ७ रुपये किलोचा मूरघास २१ रुपये. म्हणजे ४ रुपये, ७ रुपये आणि १८ रुपये हे तीन भाव ऐकायला दूरदूरचे वाटले तरी मुळात एकाच घरचे आहेत. पोषणात फरक आहे, तो आम्ही नाकारीत नाही. मक्याचा मूरघास दुधाला कडब्यापेक्षा सरस. पण निदान तुलना तरी एकाच मापाने होईल.

याच मापाने उसाचे वाढे मोजा. ३ रुपये किलोने धरले आणि शुष्क पदार्थ तीस टक्के धरला तर कोरडा किलो १० रुपयांना पडतो. कडब्याच्या निम्म्याने! आणि हे वाढे आपल्याच रानात उगवते, आपल्याच उसाचा शेंडा आहे. आपण ते डिसेंबर-जानेवारीत बांधावरून जाऊ देतो आणि मे महिन्यात पुण्याचा भाव देऊन कडबा आणतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अवश्य आहे. वाढ्यावर तोडणी कामगारांचाही हक्क रूढीने मानला गेला आहे. पाथर्डी, आष्टी, शिरूर कासार या भागांतून बिऱ्हाड घेऊन आलेली ही माणसे आपली बैलजोडी वाढ्यावर पोसतात आणि उरलेल्या पेंढ्या विकून मीठ-मिरची करतात. ते वाढे त्यांच्याकडून फुकट काढून घ्यावे असे सुचविण्याचा आमचा मुळीच विचार नाही. पण ते गावच्या नाक्यावर परक्या गिऱ्हाइकाला मिळेल त्या भावात जाण्यापेक्षा, ज्याच्या फडात तोड चालू आहे त्या सभासदानेच वजनावर, रोख पैसे देऊन घेतले तर कामगाराचेही दोन पैसे वाढतील. तोडयंत्राचा प्रश्न निराळा आहे. यंत्र शेंडा कापून, चिरडून रानात उडवून देते. ते वाढे गोळा होत नाही. ज्या सभासदाच्या दावणीला चार-सहा जनावरे आहेत त्याने यंत्राची तोड स्वीकारताना हे नुकसानही हिशोबात धरावे. पाचटाचे म्हणाल, तर हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघते. ते खाण्याच्या उपयोगाचे नाही, रानात कुजविणेच बरे. पेटवून मात्र देऊ नये.

वाढे फुकाचे वाटले तरी त्याला पथ्य आहे. त्यात ऑक्झॅलेट असते, ते जनावराच्या अंगातील कॅल्शियम बांधून टाकते. महिनोन् महिने नुसत्या वाढ्यावर ठेवलेली दुभती गाय खंगते. म्हणून वाढे कुट्टी करून, चुन्याची निवळी शिंपडून आणि दुसऱ्या वैरणीत मिसळून घालावे, खनिज मिश्रणही द्यावे. जानेवारीचे वाढे मेमध्ये हवे असेल तर कुट्टी दाबून, हवा कोंडून त्याचा मूरघास करता येतो. दीड-दोन महिन्यांत तो तयार होतो. भाताच्या पेंढ्यावरही इलाज आहे. १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थराथराने शिंपडून, तीन आठवडे झाकून ठेवला तर तो मऊ होतो आणि त्यातील प्रथिनांचे मान वाढते. हे प्रमाण अंदाजाने वाढवू नये, युरियाची विषबाधा होते. काम पशुवैद्यकाला विचारून करावे आणि वासरांना तो पेंढा घालू नये.

या सगळ्याने दुधात काय फरक पडतो? चारशे किलो वजनाच्या दुभत्या गाईला दिवसाला साधारण बारा किलो शुष्क पदार्थ लागतो. त्यातला चार किलो खुराकातून गेला असे धरले तर आठ किलो चाऱ्यातून द्यावा लागतो. सगळा २० रुपयांच्या भावाने विकतचा घातला तर १६० रुपये. निम्मा कडबा आणि निम्मे वाढे घातले तर १२० रुपये. रोजचे ४० रुपये वाचले. गाय दहा लिटर देत असेल तर लिटरमागे ४ रुपये. दुधाचे भाव पडले म्हणून राज्य सरकारने २०२४ मध्ये गाईच्या दुधाला लिटरमागे आधी ५ रुपये आणि ऑक्टोबरपासून ७ रुपये अनुदान दिले. ते मिळावे म्हणून केवढी आंदोलने झाली! त्या अनुदानाच्या निम्म्याहून अधिक रक्कम आपल्याच बांधावर पडलेली असावी, आणि तिचा हिशोब कोणी मांडू नये, याचे आम्हांस नवल वाटते.

आता टंचाईच्या वर्षाचे. १९७२ चा दुष्काळ आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिला. २०१२-१३ आणि २०१८-१९ आपण सर्वांनी पाहिले. छावण्यांत ऊस तोडून जनावरांपुढे टाकावा लागला. २०१९ च्या मे महिन्यात सरकारने छावणीतील मोठ्या जनावराचे रोजचे अनुदान ९० रुपयांवरून १०० रुपये केले, तरी छावणीचालकांची ओरड कायम होती. २०२३ मध्ये पाऊस अपुरा झाला आणि ऑक्टोबरअखेर ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्यांत आपल्या जिल्ह्यातील बारामती, दौंड, इंदापूर, पुरंदर, शिरूर हे तालुके होते. अशा वेळी काय होते? ज्या जिल्ह्यात चारा आहे तेथील जिल्हाधिकारी तो जिल्ह्याबाहेर नेण्यास बंदी घालतात. त्यांच्या जनावरांच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण सोलापूरच्या कडब्यावर आपण भिस्त ठेवली असेल तर त्या दिवशी आपल्या खिशात पैसा असूनही उपयोग नाही. उत्तरेतही हेच घडते. २०२२ च्या मार्चमधील उष्णतेने गव्हाचे पीक घटले, तुडी म्हणजे गव्हाचा भुसा कडाडला, आणि हरियाणातील काही जिल्ह्यांनी ती बाहेर जाऊ देण्यास मनाई केली. तात्पर्य, चारा फेब्रुवारी-मार्चमध्ये खळे चालू असतानाच आपल्या गंजीत येऊन पडला पाहिजे. मेमधला भाव हा गरजवंताचा भाव असतो.

तुडी तिकडे क्विंटलवर विकतात हे येथे मुद्दाम नमूद करतो. अमेरिकेत तर वाळक्या गवताचे भाव तेथील कृषी खाते प्रांतवार, टनावर आणि प्रतवारी लावून प्रसिद्ध करते. शेतकरी घरबसल्या पाहतो की अमुक प्रांतात उत्तम प्रतीचे गवत इतके आणि हलक्या प्रतीचे इतके. आपल्याकडे गुलटेकडीच्या मार्केट यार्डातील कांद्या-बटाट्याचा क्विंटलचा भाव रोज वाचायला मिळतो. कडब्याचा भाव छापून आलाच तर तो शेकड्याचा येतो, म्हणजे वाचून काही कळत नाही. आणि हे काही आपल्या मातीला परके नाही. लष्कराच्या मिलिटरी फार्म्सनी १८८९ पासून २०२१ मध्ये बंद होईपर्यंत गवताच्या गाठी बांधून पलटणींना पुरविल्या. गाठ बांधली की माप आपोआप येते.

काही सभासद म्हणतील की वजनावर घेतले तर व्यापारी ओला माल देईल, ओला कडबा काट्यावर जड भरतो. शंका रास्त आहे. फेब्रुवारीत नुकताच काढलेला कडबा दमट असतोच. त्यासाठी दहा पेंढ्यांतून मूठ मूठ घेऊन एक किलो कुट्टी करावी, तीन-चार दिवस कडक उन्हात वाळवून पुन्हा तोलावी. किती घट आली ते पाहून भाव ठरवावा. उसाच्या उताऱ्याइतके हे अवघड नाही.

म्हणून संचालक मंडळापुढे आमची मागणी अशी आहे. गळीत हंगाम संपला की कारखान्याचा काटा नोव्हेंबरपर्यंत जवळजवळ रिकामा असतो. तो सभासदांच्या वैरणीच्या गाड्यांना माफक आकारात खुला करावा. हंगाम चालू असताना फेब्रुवारी-मार्चमध्ये उसाच्या गाड्यांना अडथळा न येईल अशी ठराविक वेळ द्यावी. शेतकी खात्याने दर आठवड्याला पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगरकडचे भाव किलोवर काढून, भाडे मिळवून, प्रत्येक गट ऑफिसच्या फळ्यावर लिहावेत. आणि ज्या सभासदांची मागणी असेल त्यांच्यासाठी खळ्यावरून एकत्रित खरेदी करावी, रक्कम ऊसबिलातून कापून घ्यावी. खतासाठी आपण हेच करतो.

कारखान्याने वैरणीचा व्यापार करू नये, त्यात गफलती होतात, असे म्हणणारेही आहेत. उधारी साचणे, नातेवाइकांना चांगला माल, शिल्लक माल कुजणे, हे सारे सहकारात घडलेले आहे, ते आम्ही लपवीत नाही. म्हणूनच साठा कारखान्याच्या आवारात नको. आगीचे भय तर आहेच. आगाऊ मागणी नोंदविली असेल तेवढाच माल, काट्यावरून थेट सभासदाच्या खळ्यात जावा आणि काट्याची पावती सभासदाच्या हाती पडावी. एकत्रित खरेदी यंदा जमली नाही तरी काटा आणि फळा यांना काही भांडवल लागत नाही. तेवढे तरी अडवून ठेवू नये.

वार्षिक सभेत हा विषय यावा यासाठी सूचक आणि अनुमोदक यांच्या सहीने ठराव मुदतीत कारखान्याकडे गेला पाहिजे. दरम्यान ज्यांच्याकडे गेल्या हंगामाचा कडबा शिल्लक आहे त्यांनी त्यातल्या दहा पेंढ्या तोलाव्यात आणि सरासरी वजन, कोणत्या गावचा माल, शेकड्याचा भाव व भाडे एवढ्या चार गोष्टी आपल्या गट ऑफिसात लिहून द्याव्यात. आलेले आकडे पुढील अंकात गावासह छापू.